शायेन ऑटम: म्हाताऱ्या दिग्दर्शकाची उशिराची कबुली

मागच्या महिन्यात दोन सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा बरेच दिवस पाहायचा राहिलेला एक जुना अमेरिकन सिनेमा पाहिला. नाव 'शायेन ऑटम', साल १९६४, दिग्दर्शक जॉन फोर्ड. लांबी अडीच तासांहून जास्त. मध्येच आमचा नववीतला मुलगा शेजारी येऊन बसला. थोडा वेळ पाहून म्हणाला, "अब्बा, यात इंडियन लोकच हिरो आहेत का?" मी हो म्हटलं. पंधराएक मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, "मग त्यांची गोष्ट तो गोरा कॅप्टन का सांगतोय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं देता देता रात्र झाली, आणि नंतर चार पुस्तकं काढावी लागली. त्यातून हा लेख झाला.

आधी दिग्दर्शकाबद्दल. जॉन फोर्ड यांचा जन्म १८९४ सालचा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातला. आईवडील आयर्लंडहून आलेले, घरचं आडनाव फीनी. १९१७ मध्ये, मूकपटांच्या काळात, त्यांनी दिग्दर्शन सुरू केलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते करत राहिले. उत्कृष्ट दिग्दर्शनाची चार ऑस्कर त्यांना मिळाली. आजवर एवढी दुसऱ्या कुणाला मिळालेली नाहीत. पण त्या चारांपैकी एकही चित्रपट वेस्टर्न नाही. आणि तरीही फोर्ड म्हटलं की लोकांना आठवतात ते घोडे, धूळ, निळ्या गणवेशातलं घोडदळ आणि मागे उभे असलेले लाल दगडांचे प्रचंड सुळके.

ते सुळके म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली, युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवरची, नवाहो लोकांची जमीन. फोर्ड तिथे पहिल्यांदा आले ते १९३९ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टेजकोच'साठी. त्यात अपाची हल्लेखोर घोडागाडीचा पाठलाग करतात तो प्रसंग जगभर गाजला. आपल्याकडे 'शोले'मध्ये मालगाडीमागे धावणारे डाकू पाहताना ज्यांनी श्वास रोखला, त्यांना त्या प्रसंगाची जात ओळखू येईल. 'स्टेजकोच'मध्ये जेरोनिमोचं नाव तेवढं ऐकू येतं. बाकीचे अपाची बिननावाचे. ते टेकडीवर दिसतात, ओरडत खाली येतात, गोळी लागली की घोड्यावरून पडतात. त्यांना बायको नाही, मूल नाही, भूक नाही, आणि ते का चिडले आहेत हे कुणी सांगत नाही.

फोर्ड यांना हे कधी खटकलंच नाही असं म्हणता येणार नाही. १९४८ च्या 'फोर्ट अपाची'मध्ये एक भ्रष्ट सरकारी एजंट आहे, अपाची प्रमुख कोचिस याची तक्रार रास्त आहे, आणि खरी घोडचूक करतो तो गोरा सेनाधिकारी. १९५६ च्या 'द सर्चर्स'चा नायक इंडियन लोकांचा असा काही द्वेष करतो की प्रेक्षकालाच त्याची भीती वाटू लागते. १९६० च्या 'सार्जंट रटलेज'मध्ये खोट्या आरोपात अडकलेला कृष्णवर्णीय सैनिक मध्यभागी आहे. म्हणजे म्हातारा हळूहळू वळत होता. 'शायेन ऑटम'चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा फोर्ड सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पीटर बोगदानोविच हा तरुण लेखक तेव्हा त्यांना भेटला. त्याला फोर्ड यांनी सांगितलं, त्याचा मतलब असा: सिनेमात मी जेवढे इंडियन मारले, तेवढे जनरल कस्टरने आणि त्याच्या जातकुळीच्या आणखी दोघांनी मिळूनही मारले नसतील, आता त्यांची बाजू दाखवायची आहे.

ही बाजू कोणती, हे समजण्यासाठी सिनेमा थोडा वेळ बाजूला ठेवून खरा इतिहास पाहावा लागेल.

उत्तरेकडचे शायेन हे आजच्या मोंटाना आणि वायोमिंगच्या परिसरातले लोक. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा पूर्ण पराभव केला. त्याचा सूड लगेच सुरू झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सैन्याने शायेन प्रमुख डल नाइफ याचं गाव जाळलं, तंबू आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न त्यात गेलं. डल नाइफ हे नाव लकोटांनी दिलेलं. त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'पहाटेचा तारा' असा होता. उपासमारीने टेकीला आलेल्या या लोकांनी १८७७ च्या वसंतात शरणागती पत्करली. त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमातल्या डार्लिंग्टन एजन्सीवर पाठवण्यात आलं. त्या ऑगस्टमध्ये नऊशेहून अधिक लोक तिथे पोचले. दक्षिण मानवली नाही तर परत उत्तरेला येता येईल, असं आपल्याला सांगितलं गेलं होतं, असं त्यांचे प्रमुख शेवटपर्यंत म्हणत राहिले.

दक्षिण मानवली नाही. दमट उष्णता, हिवताप, गोवर, आणि सरकारी शिधा कधीच पुरेसा नाही. शिकारीला गवे उरले नव्हते. वर्षभर माणसं मरताना पाहिल्यावर प्रमुख लिटल वुल्फ याने एजंटला सांगितलं की आम्ही निघतो आहोत. सप्टेंबर १८७८ च्या एका रात्री साडेतीनशेच्या आसपास लोक तंबू तसेच उभे ठेवून निघाले. त्यात लढू शकणारे पुरुष शंभरही नव्हते. बाकी बायका, म्हातारे आणि मुलं. पुढे होती कॅन्सस आणि नेब्रास्काची सपाट माळरानं, ती कापत जाणारे तीन रेल्वेमार्ग, तारयंत्रं आणि मागावर सोडलेलं हजारोंचं सैन्य.

इथे मी एक शब्द वापरणार आहे, कारण दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही. वतन. उर्दूत वतन म्हणजे जिथे माणूस जन्मला, जिथली माती त्याची आहे, ती जागा. मराठीत वतन म्हणजे राजाने किंवा सरकारने वंशपरंपरेने दिलेली जमीन, हक्क, उत्पन्न. देणारा ते काढूनही घेऊ शकतो. शायेन लोक पहिल्या अर्थाने बोलत होते आणि वॉशिंग्टन त्यांना दुसऱ्या अर्थाने उत्तर देत होतं. आम्ही घरी जातो आहोत, असं हे म्हणत. तुम्हाला दिलेली जागा सोडून तुम्ही पळाला आहात, असं सरकार म्हणे. एवढ्या रक्तपाताच्या मुळाशी हा गैरसमज होता असं मी म्हणणार नाही. सरकारला सगळं समजत होतं. पण कागदावर भाषा सरकारचीच चालली.

या प्रवासाला निव्वळ निरपराधांची यात्राही म्हणता येणार नाही, आणि ते लपवणं बरोबर नाही. सप्टेंबरच्या अखेरीस कॅन्ससमधल्या एका घळीत झालेल्या लढाईत कर्नल लुईस हा अधिकारी मारला गेला. त्यानंतर वायव्य कॅन्ससमध्ये तरुण शायेन योद्ध्यांनी सुमारे चाळीस गोऱ्या वसाहतवाल्यांना ठार केलं. त्यातल्या बहुतेकांनी शायेनांचं काहीही वाईट केलेलं नव्हतं. त्याच भागात तीन वर्षांपूर्वी सैन्याने शायेनांची कत्तल केली होती, त्याचा हा बदला, असं सांगितलं जातं. असेल. पण मेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना त्याचा काय दिलासा? या खुनांसाठी पुढे काही शायेन पुरुषांवर कॅन्ससमध्ये खटला भरला गेला, आणि पुराव्याअभावी ते सुटले.

नेब्रास्कात पोचल्यावर दोन गट झाले. लिटल वुल्फ आपली माणसं घेऊन पुढे उत्तरेला गेला आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये लपून त्याने हिवाळा काढला. डल नाइफ म्हातारे, आजारी आणि थकलेले लोक घेऊन लकोटा प्रमुख रेड क्लाउड याच्या आश्रयाला निघाला. रेड क्लाउडची वस्ती तोवर दुसरीकडे हलवली गेली होती. वाटेत बर्फवृष्टीत सैन्याने त्यांना गाठलं आणि फोर्ट रॉबिन्सन इथे एका बराकीत ठेवलं. ते १४९ जण होते.

सुरुवातीला वागणूक बरी होती. जानेवारी १८७९ मध्ये आदेश आला की यांना दक्षिणेला परत पाठवा. डल नाइफने नकार दिला. मरायचंच असेल तर इथे मरू, असं त्याचं म्हणणं. किल्ल्याचा कमांडर कॅप्टन वेसल्स याने आधी अन्न आणि सरपण बंद केलं, मग पाणी. पारा शून्याच्या खाली. कोंडलेली माणसं खिडकीच्या काचेवरचं हिव खरवडून तोंड ओलं करत. बायकांनी बंदुकांचे सुटे भाग कपड्यांत आणि मुलांच्या अंगावरच्या दागिन्यांत लपवून आत आणले होते. ते जोडून जेमतेम काही बंदुका तयार झाल्या. ९ जानेवारीच्या रात्री त्यांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि चांदण्यात, बर्फात धावत सुटले. त्या रात्री आणि पुढच्या दोन आठवड्यांत साठाहून अधिक शायेन मारले गेले. २२ जानेवारीला उरलेली एक टोळी एका खड्ड्यात सापडली आणि तिथेच संपली. डल नाइफ आणि त्याच्या घरची काही माणसं रात्री चालत, दिवसा लपत, अठरा दिवसांनी पाइन रिजला पोचली.

अमेरिकी लेखिका मारी सँडोझ यांनी १९५३ मध्ये हा सगळा प्रवास 'शायेन ऑटम' या पुस्तकात लिहिला. त्या नेब्रास्काच्याच. फोर्ड यांच्या सिनेमाने नाव तिथूनच घेतलं.

आता सिनेमाकडे परत येऊ. सुरुवात जबरदस्त आहे. वॉशिंग्टनहून एक समिती येणार म्हणून शायेन लोक पहाटेपासून ओळीने उभे आहेत. ऊन चढतं. बायका, पोरं, म्हातारे, कुणी बसत नाही. एखादा कोसळतो. समिती येतच नाही. सरकारी कचेरीबाहेर ज्यांनी कधी 'साहेब येतील' म्हणून दिवस काढला आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. मग ते लोक काही न बोलता वळतात आणि निघून जातात. इथे फोर्ड यांची पन्नास वर्षांची कमाई दिसते. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढी शांतता दाखवायला हिंमत लागते. विल्यम क्लोथियर यांच्या छायाचित्रणाला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं, ते उगाच नाही.

पण मुलाचा दुसरा प्रश्न इथूनच सुरू होतो. गोष्ट सांगतो कॅप्टन आर्चर, म्हणजे रिचर्ड विडमार्क. शायेनांबरोबर जाते ती क्वेकर पंथाची गोरी शिक्षिका डेबोरा, म्हणजे कॅरोल बेकर. डार्लिंग्टन एजन्सीवर क्वेकर लोक होते हे खरं, एजंटही त्याच पंथाचा होता. पण या प्रवासात अशी कुणी शिक्षिका शायेनांबरोबर चालत गेली नव्हती. लिटल वुल्फ झाला आहे रिकार्डो मोंटाल्बान, डल नाइफ गिल्बर्ट रोलंड, त्यांच्यासोबतची स्त्री डोलोरेस देल रिओ. तिघेही जन्माने मेक्सिकोचे. तापट तरुण योद्धा साल मिनिओ, न्यूयॉर्कच्या इटालियन घरातला. मोठ्या भूमिकांत शायेन माणूस एकही नाही.

मध्येच सिनेमा डॉज सिटीला जातो. तिथे जेम्स स्टुअर्ट वायट अर्प बनून पत्ते खेळतो, इंडियन येताहेत या अफवेने सगळं गाव गाड्या जुंपून पळत सुटतं, आणि हे सगळं विनोदी चालीवर. गोऱ्यांच्या भीतीची टर उडवायची असा हेतू असावा. पण चालून चालून पाय फुटलेल्या माणसांच्या गोष्टीत हा तमाशा कशाला, हे तेव्हाही लोकांना कळलं नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी सिनेमा दाखवताना हा भाग कापून टाकण्यात आला.

सगळ्यात मोठी पळवाट शेवटी आहे. गृहमंत्री कार्ल शुर्झ, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, लिंकनच्या तसबिरीसमोर उभा राहून विचार करतो आणि मग स्वतः पश्चिमेला येऊन तोफा थांबवतो, प्रमुखांशी बोलतो, त्यांना घरी जाऊ देतो. खऱ्या इतिहासात शुर्झ तिथे आलेच नाहीत. ते मूळचे जर्मन, १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे स्वतः देश सोडावा लागलेले. तरीही शायेनांना दक्षिणेला परत धाडण्याची भूमिका त्यांच्याच खात्याची होती. सिनेमातल्या त्या भेटीत रॉबिन्सनच्या मागे दिसणारे डोंगरसुद्धा स्टुडिओत पडद्यावर पाडलेले आहेत.

लिटल वुल्फ घरी पोचला तो कुणा मंत्र्याच्या मोठ्या मनामुळे नाही. हिवाळाभर त्याने माणसं जिवंत राखली, मार्च १८७९ मध्ये ओळखीच्या एका लेफ्टनंटसमोर तो शरण आला, आणि त्याच्या लोकांना मोंटानातल्या फोर्ट केओगजवळ राहू देण्यात आलं. डल नाइफच्या उरलेल्या माणसांनाही पुढे तिकडे जाऊ दिलं. डल नाइफ १८८३ मध्ये वारला. १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या आदेशाने टंग नदीच्या परिसरात उत्तरी शायेनांची राखीव भूमी ठरली. दीड हजार मैलांच्या आसपासचा तो प्रवास त्यांनी स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या प्रेतांवरून केला होता. सिनेमाने त्याचं श्रेय खुर्चीवरच्या एका भल्या माणसाला दिलं. आपल्यालाही असल्या गोष्टी पुष्कळ ऐकवल्या जातात. त्यात हक्क मिळवणारे मागे राहतात आणि हक्क 'देणारा' पुढे येतो.

आता सिनेमातल्या शायेन समूहाबद्दल. पडद्यावर जे शेकडो लोक चालताना दिसतात ते नवाहो आहेत. फोर्ड यांनी १९३९ पासून आपल्या सिनेमांत त्यांनाच कधी अपाची, कधी कोमांचे, तर आता शायेन केलं. ते बोलतात तीही नवाहो भाषा, जिचा शायेन भाषेशी काही संबंध नाही. काही ठिकाणी तर नवाहो माणसांनी गंभीर चेहऱ्याने भलतंसलतं, चावट बोलून घेतलं, असं सांगतात. टोनी हिलरमन यांच्या १९९३ च्या 'सेक्रेड क्लाउन्स' या कादंबरीत एक प्रसंग आहे: नवाहो प्रेक्षक हाच सिनेमा पाहताहेत आणि जिथे बाकी जग हळवं होतं तिथे ते खोखो हसताहेत. आमचा मुलगा हे ऐकून खूश झाला. कॅमेरा दुसऱ्याचा असला तरी तोंड आपलं होतं, असं काहीतरी त्याला वाटलं असावं.

मला मात्र त्या चेहऱ्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती फोर्ड यांच्या मनात होती की नाही याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. १८६४ मध्ये, म्हणजे हा सिनेमा प्रदर्शित झाला त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, अमेरिकी सैन्याने नवाहो लोकांची शेतं आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त करून त्यांना शेकडो मैल दूर, न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडो इथे चालवत नेलं होतं. नवाहो इतिहासात तिला 'लांबची चाल' म्हणतात. आठ हजारांहून अधिक लोक तिथे कोंडले गेले, कित्येक मेले. १८६८ मध्ये करार होऊन उरलेले आपल्या मुलखात परतले. 'शायेन ऑटम'मध्ये मान खाली घालून, पोरं पाठीला बांधून उत्तरेकडे चालणाऱ्या त्या बायका अशाच माणसांच्या नाती-पणत्या होत्या. वतनाकडे परत चालत जाणं काय असतं हे त्यांना दिग्दर्शकाकडून शिकावं लागणार नव्हतं. सिनेमातलं सगळ्यात खरं जर काही असेल तर ते हे चालणं. तिथे संवाद नाहीत, आणि कॅप्टन आर्चर गप्प असतो तेवढा वेळ गोष्ट खरंच त्यांची होते.

सिनेमा खर्चिक होता, आणि पडला. फोर्ड यांचा हा शेवटचा वेस्टर्न आणि मॉन्युमेंट व्हॅलीतला शेवटचा सिनेमा. त्यानंतर ते फार काही करू शकले नाहीत. १९७३ मध्ये ते वारले.

मग या कबुलीचं काय करायचं? माझ्या मते ती खरी आहे आणि अर्धी आहे. फोर्ड यांना आपल्या हातून झालेलं चुकलं हे कळलं होतं. त्या वयात, इतक्या नावलौकिकानंतर ते मोठ्याने सांगणं सोपं नसतं, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो. पण कबुली देतानाही बोलण्याची जागा त्यांनी सोडली नाही. सांगणारा गोरा, वाचवणारा गोरा, मोठ्या भूमिका बाहेरच्यांच्या. आपण ज्यांच्याबद्दल चुकीचं बोललो, त्यांच्याबद्दल आता चांगलं बोलावं, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनाच बोलू द्यावं हे सुचलं नाही. हा दोष एकट्या फोर्ड यांचा नाही. वर्गात एखाद्या मुलाची बाजू घेताना मीही त्याला मध्येच थांबवून त्याच्या वतीने बोलतो, हे मला मुलानेच एकदा दाखवून दिलं आहे.

फोर्ट रॉबिन्सनमध्ये मारल्या गेलेल्यांपैकी काहींचे अवशेष तेव्हा 'अभ्यासासाठी' उचलून नेले गेले आणि शंभराहून जास्त वर्षं संग्रहालयांच्या कपाटांत राहिले. १९९३ मध्ये ते परत मिळाले आणि उत्तरी शायेनांनी त्यांना मोंटानात बझबी इथे दफन केलं. आता दर जानेवारीत शायेन मुलं-मुली फोर्ट रॉबिन्सनपासून मोंटानापर्यंत सुमारे चारशे मैल पाळीपाळीने धावतात, बर्फात, त्याच थंडीत.

सिनेमात डेबोरा शायेन मुलांना इंग्रजी मुळाक्षरं शिकवते. आज त्याच राखीव भूमीवर, लेम डिअर या गावात, 'चीफ डल नाइफ कॉलेज' आहे. तिथे शायेन भाषा शिकवली जाते. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग आता त्यांनी स्वतःचा सिनेमा काढावा की." मी म्हटलं, काढतील, आणि तो आला की आपण दोघं मिळून पाहू.